सरळ माडाचा वाकडा फोटो

तलाठीबाईंनी एका हातात फोटो धरला होता आणि मान वर करून त्या माडाकडे पाहत होत्या. एकदा फोटो, एकदा माड, पुन्हा फोटो. फोटोतला माड यशवंतच्या छपरावर झुकला होता. मये गावच्या उन्हात समोर उभा असलेला माड सरळ होता. नुसता सरळ नव्हे, गवंड्याने ओळंबा लावून उभा केल्यासारखा.

"हाच माड ना?" त्यांनी विचारले.

"हाच," यशवंत म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

कुंपणापलीकडे पार्वतीबाय कमरेवर हात ठेवून उभी होती. माड तिचा आणि तक्रार तिच्याविरुद्ध. "बघा बाय, बरे करून बघा," ती तलाठीबाईंना म्हणाली. "कालमेरेन वाकडो होतो. तुम्ही येतले म्हणून राती नीट झालो. शाणो माड माझो!"

तलाठीबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या.

"अर्ज तुम्ही लिहिलाय?"

"मसुदा माझा आहे."

"मग हा फोटो कॉम्प्युटरवर वाकवला कोणी?"

डिचोलीच्या कचेरीसमोर मी पिटिशन रायटर म्हणून बसतो. लोकांचे गाऱ्हाणे सरकारला समजेल अशा भाषेत मांडणे, हा माझा व्यवसाय. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. परंतु मसुद्याला मार्कशीट जोडावी लागत नाही. माझ्या मसुद्यातला स्वल्पविराम आजवर भल्याभल्या वकिलांनी हलवलेला नाही. अशा माणसाला भर अंगणात, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, खोटा फोटो जोडल्याबद्दल विचारले गेले. मी शांतपणे म्हणालो, "लेखी खुलासा सादर करतो."

"सुनावणीच्या आधी करा. नाहीतर मला रिमार्क मारावा लागेल."

रिमार्क म्हणजे फाइलवर अधिकाऱ्याने लिहिलेली एक ओळ. ती एकदा पडली की अर्ज तर जातोच, पण त्या अर्जदाराच्या पुढच्या प्रत्येक कागदाकडे कचेरी संशयाने पाहते. यशवंतला ते परवडणारे नव्हते. माडाखालच्या खोलीत त्याची आई अंथरुणाला खिळलेली. वारा सुटला की माड करकरे, आणि ती म्हातारी कौलांकडे डोळे लावून पडून राही. तिला दुसऱ्या खोलीत हलवावे, तर ती ऐकत नव्हती. माड पडणार, याबद्दल यशवंतच्या मनात शंका नव्हती. म्हणून अर्जाच्या शेवटी आम्ही मागणी केली होती की, 'सदर धोकादायकरीत्या कललेला माड तोडण्याचा आदेश व्हावा'. या शेवटच्या मागणीला आमच्या धंद्यात प्रेयर म्हणतात. अधिकारी देतो ते प्रेयरमध्ये असेल तेवढेच. त्याबाहेरचे देत नाही.

आता फोटोविषयी.

तो नंदूने काढला होता. नंदूचा स्टुडिओ माझ्या टेबलाशेजारीच आहे. गेल्या हंगामात त्याने पणजीहून नवा मिररलेस कॅमेरा आणला. आधीच्या कॅमेऱ्यांच्या पोटात आरसा असे आणि बटण दाबले की तो खाडकन उचलला जाई. या जातीत आरसाच नाही. नंदूने मला त्याचे गुण तासभर ऐकवले. काळोखात दिसते. लांबचे जवळ येते. चित्र मोठे करत नेले, तर कौलावरचे शेवाळसुद्धा दिसते. बॅटरी लवकर उतरते आणि मेनूतल्या निम्म्या गोष्टी त्यालाच कळत नव्हत्या, हे मात्र मला पुढे आपोआप समजले.

"आनी हे बघ, मास्तर," तो म्हणाला होता. "सायलेंट मोड. फोटो काढलो म्हणून कोणाक कळचेना."

"तो गुण नव्हे," मी तेव्हाच म्हणालो होतो. "शिक्का मारताना आवाज होतो म्हणून लोकांचा शिक्क्यावर विश्वास बसतो."

"तू आपले शिक्के मार रे!"

तरीही हा गुण आम्हाला उपयोगी पडला, हे नमूद केले पाहिजे. पार्वतीबाय घरासमोर कोणाला उभे राहू देत नसे. यशवंतच्या बाजूचा एखादा माणूस रस्त्यावर रेंगाळला, की आधी तिचा कुत्रा येई आणि मागून ती. म्हणून यशवंतने स्कूटर चालवली, नंदू मागे बसला आणि न थांबता, जाता जाता, सायलेंट मोडवर त्याने फोटो घेतला. झूम करून माडाचा वरचा अर्धा भाग आणि यशवंतच्या छपराचा कोपरा एका चौकटीत आणला. कुत्र्यालाही पत्ता लागला नाही. फोटोत माड छपराकडे चांगलाच कललेला दिसला. यशवंत म्हणाला, "बघा! मी सांगतलेले." आम्ही तो अर्जाला जोडला.

इन्स्पेक्शनहून परतल्यावर मी फोटो टेबलावर ठेवला आणि कागद वाचतो तसा वाचायला घेतला. डावीकडून उजवीकडे, एकही गोष्ट न सोडता. माडामागे विजेचा खांब होता. तो वाकडा. त्याच्या पलीकडे कोणाच्या तरी गच्चीवर लोखंडी पायांवर पाण्याची टाकी होती. तीही वाकडी. सगळे एकाच दिशेला, सारख्याच मापाने. आमच्या तालुक्यात इतकी शिस्त मी कधी पाहिलेली नाही.

मी नंदूला बोलावले. "ही टाकी खरोखर अशी असती तर तिच्यातले पाणी राहिले असते काय?"

तो फोटोवर वाकला. मग चिडला. "म्हणजे माझो कॅमेरो फटकिरो?"

"खोटारडा आहे की नाही, ते तपासून ठरवू. तुझ्या रागाने ठरणार नाही."

नंदू राहतो धारगळला. रविवारी मी तिथे गेलो. हायवेवर एका रेषेत खांब उभे आहेत. मी स्कूटर चालवली आणि मागे बसून नंदूने खांबांचे फोटो घेतले. मग परत फिरून त्याच खांबांचे पुन्हा घेतले. शहाळी विकणारा एक गृहस्थ आमच्याकडे केव्हापासून पाहत होता. तिसऱ्या फेरीला त्याने हात करून आम्हाला थांबवले.

"परत सर्व्हे? आनी किती रुंद करतले हो रस्तो?"

"रस्ता नाही. खांब तपासतो आहोत," मी म्हणालो.

"वाकडे आसत?"

"जाताना इकडे. येताना तिकडे."

त्याने आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "सकाळीच?" त्याने विचारले.

परंतु निष्कर्ष पक्का होता. गाडी जिकडे जाई, तिकडे खांब कलत होता. उतरून, उभे राहून फोटो घेतला तर खांब सरळ. आणि सायलेंट मोड बंद करून, खट्ट आवाजाने घेतला, तर धावत्या स्कूटरवरूनही सरळ.

नंदूने कोणाला तरी फोन केला आणि कारण समजून घेतले. सायलेंट मोडमध्ये हा कॅमेरा सगळे चित्र एका क्षणात टिपत नाही. वरची ओळ आधी वाचतो, मग तिच्या खालची, असा वाचत वाचत उतरतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते. पण तेवढ्यात स्कूटर पुढे सरकलेली असते. त्यामुळे शेंडा असतो एका जागचा आणि त्याखालचा भाग दुसऱ्या जागचा. जोडले की वाकडे.

मला हे समजायला वेळ लागला नाही. माझ्या टेबलावर रोज हेच घडते. माणूस पहिली ओळ सांगतो तेव्हा भावावर रागावलेला असतो, आणि शेवटच्या ओळीपर्यंत तो राग मेहुण्यावर सरकलेला असतो. अर्ज वाकडा होतो. लिहिणाऱ्याने तो वाकवलेला नसतो.

खुलाशासाठी मूळ फोटो नंदूच्या मोठ्या पडद्यावर लावला. यशवंतही आला होता. किती कल आहे ते पाहण्यासाठी नंदू माड मोठा करत गेला, आणि झावळ्यांच्या खाली, दोनेक हातांवर, थांबला.

"हे किते?"

भोक होते. मूठ जाईल एवढे. कडेला चघळून टाकल्यासारखा भुसा आणि खाली उतरलेला तपकिरी ओघळ. जमिनीवरून ते दिसणे शक्य नव्हते. धावत्या स्कूटरवरून घेतलेल्या त्या फोटोत मात्र त्याचा तंतू न् तंतू स्पष्ट होता.

"सोंड्यो लागलो," नंदू म्हणाला. सोंड्या हा माडाचा भुंगा. त्याची अळी गाभा आतून खाते. बाहेरून माड हिरवा दिसतो, आणि एक दिवस शेंडा मोडून पडतो.

"हे खुलाशात येईल," मी म्हणालो.

यशवंत कासावीस झाला. "पण वाकडेपण सोडू नकात, मास्तर. भोकाखातर कोण माड तोडता?"

"यशवंत, वाकडेपणा आपल्याला केव्हाच सोडून गेला आहे."

मी लिहिले: 'सदर छायाचित्रातील माडाचा कल हा कॅमेऱ्याच्या वाचनपद्धतीचा परिणाम असल्याने तो विचारात घेऊ नये, परंतु शेंड्याखाली दिसणारे छिद्र वस्तुस्थितीस धरून असल्याने ते अवश्य विचारात घ्यावे.' सोबत धारगळचे खांब जोडले, जातानाचे आणि येतानाचे.

सुनावणीला साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचले. "एकाच फोटोतले अर्धे खोटे आणि अर्धे खरे?"

"साहेब, पुष्कळ साक्षीदार असेच असतात."

साहेबांनी खांब पाहिले. फोटो मुद्दाम वाकवलेला नाही, हे त्यांनी मान्य केले आणि रिमार्क टळला. परंतु अर्ज फेटाळला. प्रेयर कललेल्या माडाची होती आणि माड कललेला नव्हता. भोकाचा उल्लेख मूळ अर्जात नव्हता. निर्णय नियमाला धरून होता. मी असतो तरी तोच दिला असता.

बाहेर व्हरांड्यात पार्वतीबाय आमची वाट पाहत होती. "किते रे यशवंता? नीट झालो ना माड? आता आपल्या फोटोक टेकू लाव!"

नंदूला ते सहन झाले नाही. तो कॅमेरा घेऊन पुढे झाला. "बाय, हसू नाका. हे बघा." त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर माड मोठा केला, आणखी मोठा केला, भोकापर्यंत.

ती वाकून पाहू लागली. तिचे हसू थांबले. तिला सोंड्या कोणी समजावून सांगावा लागत नाही. जन्म माडांखाली गेलेला.

"हो माझोच माड?"

"तुमचोच."

"नारळ कोण पाडतो तुमचे?" मी विचारले. वास्तविक मला माहीत होते. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा माणूस, हल्ली सांगून मिळत नाही. तिचा मुलगा सूर्या स्वतःच चढतो. शेंड्यापाशी पोहोचल्यावर सगळे अंग टेकतो ते नेमके त्याच जागी.

तिने पदर सावरला आणि ती मये बसच्या दिशेने चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मी टेबल मांडत होतो तेव्हा ती समोर येऊन बसली.

"लिही."

"काय लिहू?"

"माड तोडूंक जाय."

"कारण?"

"कारण तुका खबर आसा."

"कारण अर्जदाराने सांगावे लागते, बाय. मी माझ्या मनाने घालत नाही."

एक बस येऊन गेली. मग ती म्हणाली, "शुक्रारा सूर्या चढतलो."

मी लिहिले. कारण एका ओळीत मावले. जोडपत्र म्हणून तोच फोटो लावला. वाकडा. फक्त या वेळी भोकाभोवती लाल शाईने गोल केला.

परवानगी मिळाली. माड वरून तुकड्यातुकड्याने उतरवला. शेंडा खाली आला तेव्हा सूर्याने त्या भोकात हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. गाभा चहात बुडवलेल्या पावासारखा हातात येत होता. सूर्याने हात बाहेर काढला, पँटला पुसला आणि तो अंगणाच्या कडेला जाऊन बसला. पार्वतीबाय लगेच त्याच्यावर ओरडली, की नवी पँट घाण केली.

यशवंतचे समाधान अजून झालेले नाही. "मी मागलो तेन्ना ना, तिने मागलो तेन्ना दिलो. हो खंयचो न्याय?" असे तो मला भेटेल तेव्हा ऐकवतो. त्याची आई आता छपराकडे पाहत नाही. मात्र माड गेल्यापासून खोली तापते, अशी तिची नवी तक्रार आहे. त्यावर अर्ज करता येत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले आहे.

हा कॅमेरा घ्यावा की न घ्यावा, असे नंदूची गिऱ्हाइके आता मलाही विचारतात. मी सांगतो, घ्यावा. यंत्र उत्तम आहे. धावताना त्याला गप्प बसवू नये आणि गप्प ठेवायचे असेल तर धावू नये. बाकी दोष आपला असतो. भोक त्या फोटोत पहिल्या दिवसापासून होते. आम्हाला वाकडेपणा हवा होता, म्हणून आम्ही तेवढाच वाचून कागद मिटला.