माल्टा, एक पॅक्स

दत्तूनानांचा पासपोर्ट परत आला तेव्हा मी तो आधी चाळला, मग उलटा धरून झटकलाही. आत व्हिसाचा स्टिकर नव्हता. सोबत एक छापील कागद होता आणि त्यातल्या एका चौकटीत खूण केलेली होती. व्हिसाची मुदत संपायच्या आत अर्जदार आपल्या देशात परत जाईल याची आम्हाला खात्री वाटत नाही, असा त्या चौकटीचा अर्थ.

आमच्या धंद्यात याला रिफ्युजल म्हणतात. रिफ्युजलची कारणं साधारण ठरलेली असतात. बँकेत पुरेशी रक्कम नाही, एखादा कागद राहिला, हॉटेलचं बुकिंग कच्चं आहे. हे सगळं दुरुस्त करता येतं. पण ‘हा माणूस परत येईलसं वाटत नाही’ हे कारण आलं की मी डोक्याला हात लावतो, कारण त्यावर कुठला कागद जोडायचा ते कुणीच सांगत नाही. शिवाय माझा अहंकार दुखावला होता. पंचवटी कारंज्याजवळ मी निम्मं आयुष्य हे ट्रॅव्हल्सचं ऑफिस चालवतोय. तिकिटं कुणीही काढतं, व्हिसाची फाईल लावावी तर याच्याकडे, असं लोक म्हणतात. निदान माझ्यासमोर तरी म्हणतात.

नानांना फोन केला. ते म्हणाले, “बरं. येतो उद्या.” दुकानात फवारणीचं औषध आलं नाही असं सांगितल्यावर माणूस जेवढं बोलेल तेवढंच.

नानांचा मळा विंचूरच्या अलीकडे. द्राक्षं एक्स्पोर्टची. वय पंचावन्नच्या आसपास. लग्न केलं नाही. आधी बहिणींची लग्नं, मग धाकट्या भावाचं शिक्षण, मग आईचं आजारपण, या रांगेत त्यांचा नंबर आलाच नाही. धाकटा भाऊ अशोक मुलांच्या शाळेसाठी नाशिकला राहायला आला. त्या पट्ट्यात आता घरोघरी हेच आहे, एक भाऊ शहरात आणि एक मळ्यात. आई गेल्यावर मळ्यातल्या घरात नाना एकटेच उरले.

पहिल्यांदा आले तेव्हा टोपी मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेला बसले आणि म्हणाले, “एकच माणूस हाय. माल्टाला जायचंय.” मी दुबई, थायलंड, बाली विकतो, उन्हाळ्यात चारधाम. माल्टा माझ्याकडे आजवर कुणी मागितलं नव्हतं. इटलीच्या खाली भूमध्य समुद्रात ठिपक्याएवढं बेट, एवढं मला माहीत होतं. मी सवयीप्रमाणे त्यांना दुबईच्या ग्रुपकडे वळवू लागलो. ग्रुपमध्ये एकट्या माणसाला दुसऱ्या एकट्याबरोबर एका खोलीत ठेवता येतं. त्याला शेअरिंग म्हणतात. आपल्या भागातले लोक असतात, जेवण आपलं असतं, गप्पा होतात. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा माल्टा म्हणाले. मग मी फाईलवर लिहिलं, माल्टा, एक पॅक्स. पॅक्स म्हणजे प्रवासी. आमच्याकडे दोन पॅक्स, चार पॅक्स, बावीस पॅक्स असंच चालतं. एक पॅक्स असला की समजायचं, काम निघालंय किंवा कॉन्फरन्स आहे.

“तिथं काही काम आहे का?” मी विचारलं.

“नाय. फिरायला.”

कारण पुढच्या खेपेला कळलं. एक्स्पोर्टची द्राक्षं गार कंटेनरमधून जहाजानं युरोपात जातात. कंटेनर कुठल्या जहाजावर आहे ते कळलं की मोबाईलवर नकाशात त्या जहाजाचा ठिपका बघता येतो. माल गेला की बहुतेक शेतकरी आपल्या कामाला लागतात. नाना मात्र रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तो ठिपका बघत. एका हंगामात त्यांचा कंटेनर माल्टाच्या बंदरात उतरवला आणि दुसरं जहाज येईपर्यंत बरेच दिवस तिथेच पडून राहिला. नानांचा जीव टांगणीला लागला. त्या दिवसांत त्यांनी त्या बेटाचे फोटो मोबाईलवर शोधून शोधून बघितले. पिवळ्या दगडाची घरं, निळं पाणी, मासेमारीच्या रंगीत होड्या. माल शेवटी धड पोचला, पण बेट डोक्यातून गेलं नाही.

“माझा माल तिथं राहून आला,” ते म्हणाले, “म्हटलं आपण बी बघून यावं.”

मला हे कारण फार आवडलं. पण व्हिसाच्या फाईलमध्ये ते कसं घालायचं? शेतकऱ्याची फाईल तशीही अवघड. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्नचे कागद नाहीत. सातबारा दोघा भावांच्या नावावर. बायको नाही, मुलं नाहीत, नोकरी नाही, आधी कधी परदेशवारी नाही. परत येण्याचं कारण दाखवा, असं व्हिसावाले म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हीच यादी असते. तरी मी निर्यातीचे कागद, बँकेचं स्टेटमेंट, येण्याजाण्याचं बुकिंग असं सगळं लावून फाईल चांगली जाडजूड केली होती. म्हणून तर रिफ्युजल मला लागलं.

दुसऱ्या दिवशी नाना आले. आम्ही पानन् पान पाहिलं. मला चूक दिसेना. शेवटी मी विचारलं, व्हेरिफिकेशनचा फोन आला होता का? व्हिसावाले कधीकधी अर्जदाराच्या घरी फोन करून खात्री करतात. नाना नाही म्हणाले. मग मी फॉर्म पाहिला. घरच्या माणसाचा नंबर म्हणून नानांनी अशोकचा नंबर दिलेला होता.

“अशोकला आला असेल. विचारा ना त्याला.”

नाना टोपीची घडी करत राहिले. मग म्हणाले, “त्याला म्हाईत नाय.”

“काय माहीत नाही?”

“मी चाललोय ते.”

फाईल माझ्याकडे येऊन कितीतरी आठवडे झाले होते. बोटांचे ठसे द्यायला हा माणूस पहाटेची गाडी धरून मुंबईला जाऊन आला होता. आणि घरात एकालाही पत्ता नव्हता. मी जरा चढ्या आवाजात बोललोही, की अहो, निदान भावाला तरी सांगायचं. नाना शांतपणे म्हणाले, “कामाला चाललो असतो तर सांगितलं असतं. दवाखान्याला चाललो असतो तरी सांगितलं असतं. एकटाच मौजेला चाललोय, हे कसं सांगायचं, साहेब? अशोकची पोरं हसतील.”

माझी बायको तीन वर्षं बंगळूरला आहे, लेकीकडे, नातू सांभाळायला. भांडण वगैरे काही नाही, रोज व्हिडिओ कॉल होतो. पण मध्ये एकदा मी एकटाच सापुताऱ्याला जाऊन आलो, ते मीही तिला सांगितलं नव्हतं. का, ते मला आजही धड सांगता येणार नाही. एकट्यानं मजा केली म्हणजे काहीतरी लपवण्यासारखं केलं, असं वाटतं खरं.

अशोकला मी माझ्या फोनवरून फोन लावला. त्याचा किस्सा असा निघाला. एक दिवस त्याला फोन आला. बाई इंग्रजीमिश्रित हिंदीत बोलत होती. तुमचा भाऊ युरोपला जाणार आहे का, किती दिवस, कशासाठी, घरी कोण कोण आहे. हल्ली फसवणुकीचे फोन किती येतात ते आपण जाणतोच. अशोकनं बाईला ठणकावून सांगितलं की आमच्या घरातलं कुणी कुठं जात नाही, पुन्हा फोन केलात तर पोलिसांत देईन. आणि आपण हुशारी केली म्हणून हा किस्सा त्यानं चार ठिकाणी सांगितलाही होता.

पुन्हा अर्ज करायचा तर अशोकचं पत्र लागणार होतं. भाऊ जातो आहे हे मला माहीत आहे, जमीन दोघांची आहे, तो परत येणार आहे, असं. मी दोघांना शनिवारी ऑफिसला बोलावलं. नाना आधीच येऊन बसले होते. अशोक आला तो उभ्या उभ्याच बोलायला लागला. शहरात राहून त्याची भाषा बदलली आहे, पण रागात गावची येते.

“दादा, हे काय ऐकतोय मी? तू तिकडंच राहणार हायेस का?”

नाना म्हणाले, आठवड्याचं तर तिकीट आहे. अशोकला ते पटेना. त्याच्या डोक्यात तऱ्हेतऱ्हेच्या शंका. कुणी फसवलं का, जमिनीचं काही करायचंय का, कुणी बाई आहे का. हे शेवटचं त्यानं थेट विचारलं नाही, पण दोनदा आडून विचारलं. मग तो मुद्द्यावर आला. ऑक्टोबरची छाटणी कोण बघणार? द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. ऑक्टोबरची ती फळाची. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांची टोळी येते, पण कुठली काडी किती ठेवायची हे मालकानं उभं राहून सांगावं लागतं. ती चुकली की वर्ष गेलं.

“छाटणीच्या आधी येतो ना मी. सप्टेंबरात चाललोय.”

“आणि नाय आलास मंग?”

“मंग तुला मळ्यात येऊन राहावं लागंल,” नाना म्हणाले.

अशोक खाली बसला. जरा वेळानं त्याचा आवाज उतरला. म्हणाला, तू बोलतच नाहीस दादा, आम्हाला कसं कळायचं तुला काय पाहिजे ते. नाना त्याच्याकडे न बघता म्हणाले, “तुझा फोन येतो तो फवारणी झाली का म्हणून येतो. झाली म्हणून सांगतो मी. अजून काय विचारतोस?”

मला तिथं बसवेना. उठून जायला माझ्या ऑफिसला दुसरी खोली नाही, म्हणून मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. स्क्रीनवर काय होतं ते मला आठवत नाही.

मग मी अशोकपुढे कोरा कागद ठेवला. मराठीत लिहा, मी भाषांतर करून घेतो, म्हटलं. तो चटाचट लिहू लागला. जमीन, बाग, निर्यात, ऑक्टोबरची छाटणी, भावाशिवाय ती होऊ शकत नाही. अर्धं पान झालं आणि पेन थांबलं. “अजून काय लिहू?” त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, भाऊ परत येणार याचं जे जे कारण असेल ते. तो कागदाकडे बघत बसला. बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती, ती आम्ही तिघं ऐकत होतो.

शेवटी अशोकनं नानांकडे मान वळवली. “आम्ही वाट बघतो, असं लिहू का?”

“लिही,” नाना म्हणाले. “व्हिसाला लागतं.”

त्यानं लिहिलं. मी ते भाषांतर करून फाईलला लावलं. हजारो फाईली लावल्या असतील, पण हे एकच वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं.

यावेळी व्हेरिफिकेशनचा फोन अशोकनं व्यवस्थित घेतला. बाईला छाटणी म्हणजे काय तेही समजावून सांगितलं म्हणे. व्हिसा आला. सप्टेंबरात नाना गेले, आणि ठरल्या दिवशी परत आले.

आल्यावर चार दिवसांनी ऑफिसला आले. मी चौकशी केली. विमान ठीक होतं. जेवणाला चव नव्हती, पाव मात्र चांगला होता. बंदराच्या आत सोडत नाहीत, म्हणून ते समोरच्या धक्क्यावर बसायचे. तिथून कंटेनर उचलणाऱ्या क्रेनचे उंच खांब दिसायचे. होड्यांच्या तोंडाला रंगानं डोळे काढलेले असतात, ते त्यांना फार आवडले. रोज संध्याकाळी ते तिथंच जायचे.

“एकट्याला कंटाळा नाही आला?” मी विचारलं.

“एकटाच होतो. पण तिथं वळखीचं कुणीच नव्हतं ना. मंग वाईट नाय वाटत तेवढं.”

मग म्हणाले, ते परत यायच्या दिवशी अशोक बायकोपोरांना घेऊन मळ्यात राहायला आला होता. नाना पोचले तेव्हा घरात दिवा होता, चूल पेटलेली होती, पोरं अंगणात होती. भावजयीनं पुरणपोळी केली होती. सगळ्यांनी माल्टाचे फोटो बघितले आणि कुणी हसलं नाही. मी म्हटलं, वा, म्हणजे खरंच वाट बघत होते की.

“हो. दोन दिस राहिले,” नाना म्हणाले. “सोमवारी पोरांची शाळा होती.”

बोलून ते जरा वेळ बसले. मलाही घाई नव्हती. माझा डबा घरी एकट्यानंच खायचा होता.

तेव्हापासून मी माझी पद्धत बदलली आहे. एक पॅक्स आला की पासपोर्ट मागायच्या आधी विचारतो, घरी सांगितलंय का? यामुळे रिफ्युजल कमी झाली, हे धंद्याच्या हिशेबानं खरं आहे. बहुतेक जण लगेच हो म्हणतात, त्यांची फाईल मी लगेच घेतो. काही जण प्रश्न ऐकून थांबतात. त्यांना मी चहा सांगतो आणि ऑफिसचं शटर अर्ध्यावर ओढून घेतो, म्हणजे बोलताना मध्ये दुसरं कुणी येत नाही.