शेवटच्या प्रकरणातला दिवाणखाना

आमच्या घरात इंग्रजी रहस्यकथा अण्णांनी आणल्या आणि त्यांचं वेड लागलं ते अक्काला. अण्णा म्हणजे आमचे वडील, अक्का माझी थोरली बहीण. कैक पिढ्या बंगळूरात काढलेलं आमचं मराठी घर. बोलण्यात निम्मे शब्द कन्नड, आणि वाचायला मात्र विलायतेतले खून. भाड्यानं पुस्तकं देणारं एक दुकान होतं, तिथून अण्णा पिवळी पडलेली पुस्तकं घेऊन यायचे. त्यांत कुठलंसं खेडं, बर्फानं वाट बंद झालेली हवेली, चहात कालवलेलं विष आणि दिवाणखान्यात बसलेली माणसं, ज्यांच्यातलं कुणीतरी एक खोटं बोलतंय. आम्ही कुणी बर्फ पाहिला नव्हता, पण त्या हवेल्यांचे जिने आम्हाला तोंडपाठ होते. शेवटचं प्रकरण वाचण्याआधी खुनी कोण ते जेवताना सांगायचं, असा घरचा रिवाज. अक्काचं उत्तर बहुधा बरोबर यायचं, आणि अण्णांना त्याचं फार कौतुक.

अक्काचं सासर कोरमंगलात. घरात सासूबाई, भावोजी आणि एका वर्कशॉपमध्ये काम करणारा, लग्नाच्या वयाचा धाकटा दीर. भावोजी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. मितभाषी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. एका संध्याकाळी ते कारखान्याच्या बसमधून मडिवाळ्याला उतरले. बरोबरच्यांनी त्यांना उतरताना पाहिलं होतं. तिथून घर चालत जाण्याइतकं जवळ. ते घरी पोचलेच नाहीत.

पोलिसांत तक्रार झाली, दवाखाने पालथे घातले, नातेवाइकांकडे फोन झाले. काही हाती लागेना. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली की दिवसभर खुनाची पुस्तकं वाचणाऱ्या बाईच्या घरात असंच व्हायचं. सासूबाई तसं तोंडानं कधी बोलल्या नाहीत, पण अक्कानं वाढलेलं जेवण त्या आधी हुंगून बघतात असं तिला वाटायला लागलं. खरंच तसं होतं की नाही, देव जाणे.

मग अक्कानं स्वतःच शोध घ्यायचं ठरवलं. मडिवाळ्यापासून घरापर्यंत ती रोज चालायची, कॉफी पावडरवाल्याला, न्हाव्याला, इस्त्रीवाल्याला विचारायची. त्यातून तिला एक गोष्ट कळली. भावोजी नाहीसे होण्याआधी दोघा भावांचं जोरात भांडण झालं होतं. दिराचं एका ख्रिश्चन मुलीवर मन होतं आणि भावोजींना ते पसंत नव्हतं.

एका रविवारी अक्कानं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. सासूबाई, दीर, अण्णा आणि मी. ती उभी राहिली, पुस्तकातल्या शेवटच्या प्रकरणात कुणीतरी उभं राहतं तशी, आणि दिराला तिनं शांतपणे विचारलं, “त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता?”

“वर्कशॉपमध्ये.”

“वर्कशॉप त्या दिवशी बंद होतं. मी विचारून आले आहे.”

तो त्या मुलीबरोबर होता, हे आम्हाला नंतर कळलं. आईसमोर त्याच्या तोंडून ते निघेना. अण्णांनी चुळबुळ करत, पुरे आता, असं काहीतरी म्हटलं. थोड्याच दिवसांत दीर घर सोडून मारतहळ्ळीला खोली घेऊन राहायला गेला. तेव्हा तो भाग गावाबाहेर मानला जायचा. अक्काही आमच्याकडे परतली. कोरमंगलाच्या घरात सासूबाई एकट्या उरल्या.

आमच्याकडे आल्यावर अक्का तीच जुनी पुस्तकं पुन्हा वाचू लागली, ज्यांच्यातला खुनी तिला ठाऊक होता अशी. मला ते बघवेना. एकदा मी न राहवून विचारलं, आता तरी ही पुस्तकं कशाला? तिनं पानावरची नजर काढली नाही. “ह्यात शेवटी बाकीचे सगळे सुटतात,” ती म्हणाली. मला वाटायचं, त्या पुस्तकांत खुनी सापडतो म्हणून लोक ती वाचतात. त्यांत निरपराध माणसंही मोकळी होतात, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

काही वर्षांनी भावोजींच्या कारखान्यातला एक निपाणीकडचा सहकारी आमच्या घरी आला. सुट्टीत गावी जाताना हुबळीत पंप दुरुस्तीच्या दुकानात त्यानं भावोजींना पाहिलं होतं. अण्णा आणि मी बसनं गेलो. भावोजी खरोखरच तिथे होते. हात ग्रीसनं माखलेले, अंगानं थोडे सुटलेले. आम्हाला बघून ते पळाले नाहीत. त्यांनी हात धुतले आणि आमच्यासाठी चहा मागवला.

अण्णांनी विचारलं, अक्काचं काही चुकलं का, भावाशी भांडण झालं म्हणून का, कारखान्यात काही घडलं का. प्रत्येक वेळी त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

“कुणाचंच काही नव्हतं, अण्णा,” ते म्हणाले. “मडिवाळ्याला उतरलो. समोर हुबळीची गाडी होती. तिच्यात बसलो. मग परत फिरायला तोंड राहिलं नाही.”

परतीच्या वाटेवर अण्णांना हुंदका आवरला नाही. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, हुबळीला जायचंही तिनं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ती मारतहळ्ळीला गेली. दिराचं त्या मुलीशी लग्न झालं होतं, कडेवर मूल होतं. अक्कानं दारातच त्याला सांगितलं की तुमचा भाऊ जिवंत आहे, आणि मी तुमच्यावर घेतलेला संशय खोटा होता, मला क्षमा करा.

त्यानं आम्हाला आत बसवलं. बायकोनं कॉफी आणली. बराच वेळ तो मुलाच्या झबल्याची नाडी बोटाभोवती गुंडाळत राहिला.

“वहिनी, तुम्ही विचारलंत त्याचा राग नाही,” तो म्हणाला. “तुमच्या जागी मीही विचारलं असतं. पण तुम्ही विचारल्यावर आईनंही माझ्याकडे तशाच नजरेनं बघितलं.”

आईंना हे कळलं की त्या तुम्हाला घरी बोलावतील, असं अक्का म्हणाली. तो म्हणाला, बोलावेल, सरी, ठीक आहे, आम्ही जाऊनही येऊ. त्यानंतर सणाला तो आईकडे जाऊन येत असे, बायकोमुलाला घेऊन. सासूबाई नातवाला मांडीवर घ्यायच्या, गोडधोड करायच्या. पण त्या घरात तो पुन्हा कधी मुक्कामाला राहिला नाही.