पात्यावरचं झाकण

वाळूजच्या एका कारखान्यात करुणा कडबाकुट्टी यंत्राचं डिझाइन करायची. पात्यावरचं झाकण पोलादी पत्र्याऐवजी प्लॅस्टिकचं करायचं, असं मालकांनी ठरवलं. करुणानं दोन्ही झाकणं उन्हाळाभर गच्चीवर ठेवली आणि मालकांसमोर दोन्हींवर हातोडी मारली. पत्र्याला पोचा आला, प्लॅस्टिकचे तुकडे झाले.

"साहेब, ही यंत्रं उन्हातच असतात. झाकण फुटलं तर वैरण घालणाऱ्या बाईचा हात जाईल."

"ड्रॉइंगवर सही कर, नाहीतर घरी बस."

"सही नाय करणार."

तिची नोकरी गेली, पण ती घरी बसली नाही. वेरूळच्या रस्त्याला शेड घेऊन ती पोलादी झाकणं बनवू लागली. गावोगावी त्याच कारखान्याच्या यंत्रांवरची प्लॅस्टिकची झाकणं काढून ती आपली बसवू लागली.

मालकांचा फोन आला. "आमची बदनामी करतेस व्हय?"

"नाय साहेब, दुरुस्ती करते," ती म्हणाली आणि पुढच्या गोठ्यात शिरली.