छापील उत्तर आणि उपकेंद्राचं कुलूप

अधिवेशन संपलं, राष्ट्रगीत झालं आणि सभागृहात एकच पळापळ सुरू झाली. कुणाला विमान गाठायचं होतं, कुणाला मंत्र्याची सही. मी मात्र बाकावर बसून एक छापील कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. डोकं नुसतं भणभणत होतं.

माझ्या मतदारसंघात, धाराशिवपासून आत माळावर, एक गाव आहे. नाव सांगत नाही, उगं गावाची बदनामी नको. तिथल्या आरोग्य उपकेंद्राला दीड वर्ष कुलूप. नर्सबाई बदलून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मी तारांकित प्रश्न टाकला, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं. प्रश्न यादीत आल्याबरोबर मी शहाणीनं गावात फोन केला, "आला बघा आपला प्रश्न!" गावानं फटाके उडवले. यादीत आपला नंबर अडतिसावा, आणि प्रश्नोत्तराचा तास सहा-सातातच संपतो, हे काय मला ठाऊक नव्हतं? होतं की. पण हौस नडली.

उरलेल्या प्रश्नांची उत्तरं नुसती छापून येतात. आमचं आलं ते असं. उपकेंद्र कुलूपबंद आहे, हे खरे आहे काय? "हे खरे नाही." असल्यास, कोणती कारवाई केली? "प्रश्न उद्भवत नाही."

उद्भवत नाही! मुंबईत बसून म्हणायला काय जातंय?

परतले तर कार्यकर्त्यांनी हार, शाल, हलगी सगळं तयार ठेवलेलं. अधिवेशनाहून आमदार आला की सत्कार करायचाच, ही आमच्याकडची रीत. म्हटलं, "गुंडाळा ते. कशाचा सत्कार, कुलपाचा?" आणि गाडी थेट त्या गावाला घातली.

उपकेंद्राच्या पायरीपाशी माणसं जमली. मी कागद वाचून दाखवला. एकदम हशा पिकला. हसल्या नाहीत त्या फक्त अंगणवाडीच्या बाई. जन्मभर गावाची लेकरं सांभाळून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांच्या सुनेला आठवा महिना लागला होता. पहिल्या खेपेला तालुक्याला नेता नेता ती टमटममध्येच बाळंत झाली आणि बाळ हाती लागलं नव्हतं.

"ताई, कागद द्या हिकडं," बाई म्हणाल्या. मागची कोरी बाजू काढली आणि मोठ्यानं म्हणत लिहायला लागल्या. "एक. आमदारबाई मतं मागून गेल्या, त्या आज पहिल्यांदाच ह्या पायरीवर आल्या, हे खरे आहे काय? दोन. असल्यास, कोणती कारवाई केली? तीन. उशिराची कारणं काय?" कागद माझ्यापुढं धरला. "घ्या. लिवा उत्तर."

माझ्यासोबतचा कार्यकर्ता फुरफुरला, "बाई, आमदाराशी बोलताय तुमी!"

"मग काय तहसीलच्या शिपायाशी बोलू? मतं ह्यांनीच नेली न्हवं?"

राग आला, खोटं कशाला बोलू. तोंड कडू झालं. पण दुसरं लिहिणार काय? एकला लिहिलं, हे खरे आहे. तीनला लिहिलं, माझा हलगर्जीपणा. दोनला पेन अडलं. मग लिहिलं: उद्यापासून माझं कार्यालय ह्याच पायरीवर, कुलूप निघेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सतरंजी टाकली. शिफारशी, दाखले, बांधाची भांडणं, सगळं तिथंच यायला लागलं. अधिकाऱ्याचा फोन आला, "मॅडम, हे शोभतं का?" म्हटलं, "नाही शोभत. म्हणूनच बसलेय." पक्षातले थोरले म्हणाले, सरकार आपलंच आहे, जरा दमानं घ्या. म्हटलं, सरकार आपलं, मग गावची सून काय परक्याची? शेजारच्या गावांच्या बायाही कागद घेऊन यायला लागल्या. रस्ता, नळ, शाळेचं छप्पर, प्रत्येक कागदावर एक, दोन, तीन. मला लई बरं वाटलं. भीतीही वाटली, कारण त्यातले निम्मे प्रश्न मलाच होते.

नवव्या दिवशी नव्या नर्सबाई हजर झाल्या. आणि किल्ली कुणाकडंच नाही! खात्याकडं नाही, पंचायतीकडं नाही. शेवटी अंगणवाडीच्या बाईंनीच पदर खोचला आणि घणाचे घाव घालून कुलूप तोडलं. महिन्याभरात सून तिथंच बाळंत झाली. मुलगी झाली. रडली ती पार रस्त्यापर्यंत ऐकू आली.

परवा मी बारशाला गेले होते, तेवढ्यात खात्याचा माणूस आला. तोडलेलं कुलूप शासकीय मालमत्ता आहे, जमा करायचंय म्हणे. बाई नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या. कुलूप मागं फळीवरच होतं, मी डोळ्यांनी बघत होते.

"उपकेंद्राचं कुलूप तुमच्याकडं हाय, हे खरं हाय का?" त्यानं विचारलं.

"हे खरे नाही," बाई म्हणाल्या. "उपकेंद्राला कुलूप होतंच कुठं? तुमचाच कागद हाय. बघा वाचून."