शिलाईवालीचा टाका

शिलाईवाली दमली होती, आणि ती काही मशीन चालवून नव्हे. खोटं बोलणं सोपं, ते लक्षात ठेवणं जिवावर येतं. नवरा कशाने गेला, माहेर कुठलं, ही उत्तरं दर शेजारणीला तश्शीच द्यायची. पोटच्या पोरीलाही बाप आजारपणात गेला असंच सांगितलेलं. बाप चांगला धडधाकट होता, तुरुंगात.

तो चोरीचा माल अंगावरून न्यायचा आणि त्यासाठी कोटांच्या अस्तरात चोरखिसे शिवून द्यायची ती. एका चोरीत पहारेकऱ्याचा जीव गेला, तेव्हा तिनेच जाऊन पोलिसांना सगळं सांगितलं. "शोधून काढीन," एवढंच तो भर कोर्टात म्हणाला. तान्ह्या लेकीला घेऊन तिने गाव सोडलं, नावही टाकलं.

त्या दुपारी एक म्हातारी कोट घेऊन आली. "अस्तर फाटलंय गं, तेवढं शिवून दे. थांबते मी."

शिलाईवालीने मान वर न करताच कोट घेतला. मन कामाला विटलं होतं, पण हातांना त्याचं काय! अस्तराला हात घालण्याआधी चोरखिसा रिकामा करायचा, ही त्यांची जुनी सवय. बोटं परस्पर काखेखाली गेली, आतलं टिचबटण उघडलं आणि खिसा उलटा करून झटकला. मग आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं आणि तिने मान वर केली.

"इतके शिंपी झाले, तो खिसा कुणाला सापडला नाही," म्हातारी हळूच म्हणाली. "ओळखलं नाहीस ना? तुझी नणंद मी, लांब दिलेली. लग्नात काय ती आपली भेट."

"आणि... ते?"

"सुटलाय. गावोगाव मला शिंप्यांकडे पिटाळतो आणि कोट परत आला की अस्तर उलटून टाके बघतो. तुझा टाका म्हणे हजारांत ओळखेल. आत्ताही कोपऱ्यावर बसलाय." म्हातारीने खुर्चीत अंग टाकलं. "मी नाही सांगायची. माझ्याही जिवाला त्याने कमी घोर लावलेला नाही. पण कोट तसाच नेला तर तो स्वतः इथे येईल. शिवून दे, फक्त तुझ्या हातचा नको."

शिलाईवालीने मुद्दाम वाकडं शिवून पाहिलं. हात ऐकतील तर शपथ! चार टाके पडले की पाचवा आपला सुबक. शेवटी तिने ते उसवले आणि आतल्या खोलीतून लेकीला हाक मारली.

लेकीचे टाके म्हणजे कोंबडीने उकरून ठेवल्यासारखे. आई रोज उसवायला लावायची, ती रोज फुरंगटून उसवायची. गिऱ्हाइकाचा कोट आजवर तिच्या हाती पडला नव्हता.

"मी शिवू? खरंच?" पोर हरखली. जीभ दातांत धरून ती कोटावर अशी वाकली, की जणू परीक्षाच. म्हातारी भाचीकडे बघत राहिली.

"आई, बघ!"

टाके बारीक होते, एकसारखे आणि किंचित तिरपे. हुबेहूब आईचे. या एका दिवसासाठी शिलाईवालीने पोरीच्या मागे किती कटकट केली होती! तिला भरून आलं. पोरीला जवळ घ्यावं, सगळ्या गल्लीला कोट दाखवत फिरावं, असं वाटलं.

"जमलं ना? अगदी तुझ्यासारखं?"

"नाही जमलं," शिलाईवाली म्हणाली. "उसव."

पोरीने म्हातारीकडे पाहिलं, तर म्हातारी खिडकीबाहेर बघत होती. मग तिने मुकाट्याने उसवलं आणि पुन्हा शिवायला घेतलं. या वेळी डोळ्यांत पाणी होतं, टाके कुठल्या कुठे गेले.

"हे बरं आहे," म्हणत आईने कोटाची घडी घालून म्हातारीच्या हातात दिली. म्हातारी गेली, आणि कोपऱ्यावरून कुणीही आलं नाही. पोर त्यानंतर कधी शिवायला बसली नाही, आणि आईनेही तिला पुन्हा हाक मारली नाही.