कापसातली पिल्लं

आज सकाळी जळगावच्या घरी आठ दिवसांच्या नातीला अंघोळीनंतर पावडर लावली आणि त्या वासाने जीव अस्वस्थ झाला.

मी आठ वर्षांची असताना धुळ्याजवळच्या आमच्या गावी, घरात साठवलेल्या कापसाच्या ढिगात मांजर व्याली होती. मी दिवसातून दहादा कापूस उकरून पिल्लं बघायची, मैत्रिणींना बोलावून दाखवायची. एकदा तर तान्ह्या भावाची पावडरही त्यांना चोळली. त्या संध्याकाळी मांजरीने एक पिल्लू मारलं आणि बाकीची तशीच टाकून ती माळ्यावर जाऊन बसली.

"कशी माय शे हाई," आत्या माळ्यावरच्या मांजरीकडे बघत म्हणाली.

बाजेवर माझी बाळंतीण आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती तशीच म्हणाली, "तिले कोनी घडीभर निवांत ऱ्हाऊ दिधं का?" पाळण्यात भाऊ रडत होता, पण ती उठली नाही.

इतकी वर्षं मी त्या पावडरीला दोष देत आले. आई नुसतं मांजरीबद्दल बोलत नव्हती, हे आज माझी बाळंतीण मुलगी तशीच भिंतीकडे वळलेली पाहून कळतंय. बाळ बघायला आलेल्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा बेल वाजवली आहे आणि माझा हात कडीवरच थांबलाय.