मावेलीचा फोन माझ्या हातात

मावेलीच्या पोशाखाला खिसा नसतो. त्यामुळे ओणमच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून त्याचा मोबाइल माझ्या ताब्यात होता, आणि घटकेघटकेला मी तो उघडून बघत होतो.

मावेली म्हणजे महाबळी, केरळातल्या लोकांचा लाडका राजा. ओणमला तो वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटायला येतो. इथे आखातात, महबूल्यातला आमचा मावेली म्हणजे समोरच्या फ्लॅटमधला माझा मित्र. आमच्याच प्लांटवर एका ठेकेदाराकडे वेल्डिंग सुपरवायझर आहे. पोट असं, की राजा शोधायला कुणाला लांब जावं लागत नाही. मी त्याला चेट्टा म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. तो मला साब म्हणतो, आणि आमचं सगळं बोलणं आपापल्या वळणाच्या हिंदीत चालतं.

त्या दिवशी संध्याकाळच्या विमानाचं त्याचं तिकीट होतं. दुसऱ्या दिवशी खरं ओणम, तिरुवोणम. घरी बहिणीकडे त्याची म्हातारी आई. हल्ली तिला माणसं नीट ओळखू येईनाशी झाली होती. बहिणीनं स्वच्छ सांगितलं होतं, या ओणमला ये, पुढच्या ओणमला ती तुला ओळखेल याची खात्री नाही. तिकीट होतं, रजा होती, बॅग माझ्या गाडीच्या डिकीत होती. नव्हतं ते एक्झिट परमिट. आता कंपनीनं फोनवरच्या सरकारी अ‍ॅपमध्ये मंजुरी दिल्याशिवाय विमानतळावर पुढे सोडत नाहीत. कंपनीची सरकारी कामं बघणारा मंदूब गुरुवारीच म्हणाला होता, "बुकरा, इन्शाल्ला." म्हणजे उद्या, देवाची इच्छा असेल तर. आणि तो उद्या म्हणजे हाच कार्यक्रमाचा शुक्रवार, सगळ्यांची सुट्टी.

माझा स्वभाव मुळातच उतावळा. मला रांगेत उभं राहवत नाही आणि गप्प तर त्याहून राहवत नाही. सालमियातल्या शाळेच्या त्या हॉलमध्ये मी येरझारा घालत होतो. खाली बायका फुलांची रांगोळी पुरी करत होत्या. माझी बायको त्यांच्यात बसून झेंडूच्या पाकळ्या सुट्या करत होती. मुलगी मात्र माझ्यावर नजर ठेवून होती.

"बाबा, स्टॉप इट. तू बघून ते लवकर येणार नाहीये," ती म्हणाली.

मला ठाऊक होतं. तरी मी पुन्हा बघितलं.

तेवढ्यात चेट्टा आत आला. डोक्यावर मुकुट, गालांवर वळवलेल्या जाडजूड मिशा, हातात झावळीची छत्री. ढोल सुरू झाले. मावेली झालेला माणूस बोलत नाही असा आमच्या मंडळातला दंडक आहे, नाहीतर पोरं आवाजावरून ओळखतात. तो फक्त हात उचलून आशीर्वाद देतो आणि हसतो. मी बळीराजा ऐकला तो आईच्या तोंडून, पाडव्याला ओवाळताना. बळीचं राज्य येवो, असं ती म्हणायची. पण आम्ही राज्य मागतो आणि त्याच्यासाठी पान कधी मांडत नाही. हे लोक मांडतात. आणि मला दर वर्षी वाटतं, हा राजा तरी कोण, आमच्यासारखाच वर्षातून एकदा रजा मिळणारा माणूस.

फोन वाजला. परमिटच असणार म्हणून मी घाईघाईनं बोट फिरवलं, तर तो बहिणीचा व्हिडिओ कॉल. समोर म्हातारी. पांढरी साडी, कपाळाला चंदन. आता काय बोलायचं? तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. मला दुसरं काही सुचलं नाही, मी फोन सरळ मावेलीकडे वळवला.

तिनं हात जोडले. मग पडद्याच्या अगदी जवळ येऊन काहीतरी विचारलं. चेट्टा तिथेच थांबला. ढोलवाले पुढे गेले, पोरं त्याचं उपरणं ओढायला लागली, आणि त्यानं दंडक मोडला. राजाच्या घोगऱ्या आवाजात तो दोन वाक्यं बोलला. म्हातारी हसली आणि फोन बंद झाला.

"क्या पूछा?" मी विचारलं.

तो माझ्या कानाशी आला. "पूछा, मावेली, मेरा बेटा तुम्हारे साथ आ रहा है क्या? मैं बोला, कल भेज रहा हूँ."

माझं डोकंच फिरलं. परमिटचा पत्ता नाही आणि हा शब्द देऊन बसला. मी तसं तोंडावर सांगितलंही.

"साब, मैं नहीं बोला," तो म्हणाला. "मावेली बोला."

आणि छत्री सावरत तो पुढच्या लोकांकडे गेला.

मग पंगत बसली. केळीच्या पानाच्या वरच्या कडेला लोणची, चिप्स, एकेक चमचा भाज्या, मग भात. फोन मी पानाच्या डाव्या बाजूला ठेवला आणि डाव्या हातानं चाळत राहिलो. सांबार कधी आलं, कधी संपलं, मला कळलं नाही. पायसमात, म्हणजे त्यांच्या खिरीत, पापड आणि केळं कुस्करायचं असतं. ते करता करता सवयीनं बोट फिरवलं, आणि हिरवी खूण दिसली. मंजूर.

मी ताडकन उठलो. निदान अर्धा उठलो. शेजारच्या आजोबांनी माझं मनगट घट्ट पकडून मला खाली बसवलं. पंगतीतून असं मधेच उठायचं नसतं. आमच्याकडेही नसतं, आणि आमच्या घरी यावरून मी लहानपणी कितीदा बोलणी खाल्ली आहेत. पण तेव्हा मला त्या आजोबांचा राग आला. हातात एवढी बातमी आणि मी ताकाची वाट बघत बसलोय. मावेली पानापानाजवळ थांबत, हसत, सावकाश येत होता. आज जरा भरभर ये की बाबा, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. शेवटी तो माझ्यापुढे आला. मी फोन वर धरला.

त्यानं वाचलं. आशीर्वादाचा हात तसाच वर राहिला आणि नकली मिशा थरथरायला लागल्या. मग त्यानं तो हात माझ्या डोक्यावर ठेवला, जरा जोरातच.

विमानतळापर्यंत त्यानं गाडीतच पोशाख उतरवला. मुकुट आणि मिशा मागच्या सीटवर राहिल्या. निघताना माझ्या बायकोनं घरून आणलेल्या डब्यातलं दही त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता, पण त्यानं ते मुकाट चाटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच होती. दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात त्याचा फोन आला. आवाज बसलेला.

"साब, वो मेरे को नहीं पहचान रही."

आईनं मुलासाठी पान मांडून ठेवलं होतं आणि त्या पानावर ती कुणालाच बसू देत नव्हती. यालाही नाही. मावेलीनं शब्द दिलाय, माझा मुलगा आज येणार आहे, तुम्ही पलीकडे बसा, असं ती याला पाहुण्याशी बोलावं तसं अदबीनं सांगत होती. हे सांगताना तो रडत होता. आता काय करायचं, काय करायचं, म्हणत मी उभ्या उभ्याच दोन चकरा मारल्या.

आणि मग मला गाडीची मागची सीट आठवली.

मुकुट मला मोठा झाला, मुलीनं आत टॉवेल कोंबला. मिशा बायकोनं चिकटवल्या आणि खांद्यावर तिचा जरीचा शेला टाकला. मी काटकुळा, पण पोट फोनमध्ये दिसत नाही. "बाबा, प्लीज, बोलू नकोस," मुलगी म्हणाली आणि चेट्टाला व्हिडिओ कॉल लावून तिनं फोन धरला.

पडद्यावर म्हातारी आली. मला बघून तिनं हात जोडले. चेट्टा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, चोरासारखा. मी हात वर केला, मग तो हळूच पुढे नेला, जणू तिच्या हातात काही देतोय. हा घे, तुझा. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसलो नसेन.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बराच वेळ पाहिलं. मग त्याचा दंड धरून त्याला त्या पानावर बसवलं आणि स्वतःच्या हातानं कोपऱ्यात मीठ वाढलं.

माझी मिशी एका बाजूनं सुटली होती. मी ती बोटानं दाबून धरली. तेवढ्यात ती पुन्हा माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली.

"पूछ रही है," चेट्टा पानावरूनच म्हणाला, "मावेलीने खाना खाया क्या?"

खरंच जेवलो नव्हतो. मी नकारार्थी मान हलवली. तिनं चेट्टाच्या बहिणीला हाक मारून आणखी एक पान मागवलं, ते फोनसमोर मांडलं आणि त्यावर भात वाढायला घेतला. इकडे माझ्या बायकोनं माझं ताट पुढे सरकवलं. मी मुकुटासकट जमिनीवर मांडी घातली, आणि पडद्यावर म्हातारीनं शेवटचं ताक वाढेपर्यंत जागचा उठलो नाही.